व्हिजिटिंग कार्डाचा भाव

ऑफिसच्या दारात भिंतीला टांगलेलं जे अंगठ्याचं यंत्र असतं, त्याला रातांधळेपणाचा विकार असतो. सकाळी त्याची नजर घारीसारखी. ९ वाजून ४१ मिनिटांनी टेकवलेला अंगठा ते ९ वाजून ४१ मिनिटांनीच नोंदवतं. लोकल ठाकुर्लीला अडकली होती की दिव्याला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. असे तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला जातो, आणि हा हिशोब करताना कुणाची चूक झाल्याचं आजवर ऐकिवात नाही. तोच अंगठा रात्री ९ वाजून ४१ मिनिटांनी टेकवला, की यंत्र हिरवा दिवा लावतं आणि बाईच्या आवाजात ‘थँक यू’ म्हणतं. ज्यादा कामाचा मोबदला तो एवढाच. पगारदार माणूस बिचारा भीत भीत एचआरकडे जातो. “ते जास्तीच्या तासांचं काही मिळतं का?” “तुम्हाला ओव्हरटाइम लागू नाही.” “का हो?” “तुम्ही मॅनेजमेंटमध्ये आहात.” “मी? कधीपासून?” “एप्रिलपासून. लेटर दिलंय की!” लेटर दिलेलं असतंच. ते त्याने देवापुढे ठेवलेलंही असतं. फक्त वाचलेलं नसतं.

कायदा या बाबतीत मुका आहे असं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने अधिनियम सांगत होता की प्रौढ कामगाराला दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांच्या वर राबवलं, तर वरच्या तासांची मजुरी नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायची. जिथे कारखाना नाही, म्हणजे एसी, फिरत्या खुर्च्या आणि न चालणारा प्रिंटर एवढीच यंत्रसामग्री आहे, अशा जागांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यानेही ९, ४८ आणि दुप्पट हेच आकडे घेतले, आणि तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम करून घ्यायचा नाही अशी वेस आखली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही वेस १४४ तासांवर आणि दिवसाचे ९ तास १० वर न्यायला मान्यता दिली. बातमी छापून आली त्या दिवशी लोकलच्या डब्याडब्यात संताप उसळला. “आता रोज दहा तास राबवणार म्हणे!” असं म्हणणारे बहुतेक जण तेव्हा बारावा तास संपवून घरी निघाले होते.

आता हिशोब मांडू. विनोदी लेखात हिशोब घालू नये असा संकेत आहे. पण हा हिशोबच मुळात विनोदी आहे, त्याला आमचा इलाज नाही. महिना ३० हजार पगार, दिवस सव्वीस, तास आठ. तासाला पडले १४४ रुपये आणि थोडी चिल्लर. दुप्पट केले की २८८. हा गृहस्थ रोज दोन तास जास्त बसला, तर महिन्याचे झाले ५२ तास, आणि पैसे झाले १५ हजार. म्हणजे बरोबर निम्मा पगार! शिवाय तीन महिन्यांचे होतात १५६ तास, म्हणजे वाढवलेल्या मर्यादेचीही भिंत तो बारा तासांनी ओलांडतो, ते निराळंच. आता याच माणसाला ‘असिस्टंट मॅनेजर – ऑपरेशन्स’ करायला किती खर्च येतो पाहा. चांगल्या जाड कागदावरची शंभर व्हिजिटिंग कार्डं, नाव जरा उठावाच्या अक्षरांत, फार तर चारशे रुपये. ते एकदाच. त्या बदल्यात दरमहा १५ हजारांची बचत. सोन्यात, जमिनीत, म्युच्युअल फंडात असा परतावा मिळत असता तर मालकांनी धंदे बंद करून दिवसभर कार्डंच छापली असती. म्हणून आमचं म्हणणं असं, की पगारदाराचा ओव्हरटाइम कुणी चोरतबिरत नाही. तो रीतसर विकत घेतला जातो, हुद्द्याच्या बदल्यात. आणि गंमत म्हणजे सौदा झाल्यावर पेढे विकणारा वाटतो.

ही फट कायद्यातच आहे आणि ती चांगल्या हेतूने ठेवलेली आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या स्वरूपाचं पद असलेल्या माणसाला हे तासांचे नियम लागू नाहीत. जो दुसऱ्यांना राबवतो त्याने स्वतःच्या राबण्याचा दर लावू नये, हे समजण्यासारखं आहे. फट एका माणसापुरती होती. तिच्यातून हळूहळू अख्खं ऑफिस आत शिरलं. २०१७ च्या कायद्याने तर अशी अट घातली की या पदांची यादी आस्थापनेच्या वेबसाइटवर टाकावी, आणि वेबसाइट नसेल तर ठळक जागी लावावी. आता ऑफिसातली ठळक जागा म्हणजे कोणती? पाण्याच्या कूलरशेजारचा बोर्ड. तिथे गेल्या दिवाळीच्या रांगोळी स्पर्धेचा निकाल असतो, ‘कृपया बेसिनमध्ये डबे धुऊ नयेत’ अशी सूचना असते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये, एका टाचणीवर लटकत, यादी असायला हवी. प्रामाणिकपणे लावली तर बहुतेक ठिकाणी ती यादी आणि हजेरीपट यांच्यात फरक सापडणार नाही. डबे धुणारा तेवढा शिपाई वगळला की बाकी सगळे व्यवस्थापन. आणि हे तपासायला येणार कोण? पूर्वी दुकाने निरीक्षक यायचा. नव्या कायद्याने त्याचं नाव ‘फॅसिलिटेटर’ ठेवलं. म्हणजे हुद्दा वाढवून मिळण्याच्या साथीतून तोही सुटला नाही!

“पण मॅनेजर म्हटलं म्हणजे मॅनेजरच ना?” असा प्रश्न येईल. न्यायालयं तसं मानत नाहीत, आणि गेली कित्येक दशकं मानत नाहीत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार कोण’ हा असाच घोळ होता, आणि त्यात न्यायालयांचा सूर एकच: पाटीवर काय लिहिलंय ते नको, माणूस दिवसभर मुख्यतः काय करतो ते सांगा. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कोलकात्याच्या एका वृत्तपत्राच्या कारकुनाचं प्रकरण आलं. सगळ्यांत जुना म्हणून त्याच्याकडे प्रॉव्हिडंट फंड विभाग दिलेला. हाताखाली काही कारकून. त्याचे अधिकार कोणते? कामाची वाटणी करून देणं, कुणाला ऑफिसच्या वेळात बाहेर जायचं असेल तर जाऊ देणं, आणि रजेच्या अर्जावर शिफारस करणं. मंजुरी नव्हे हं, शिफारस! बाकी वेळ तो स्वतः वह्या लिहीत होता आणि तक्ते भरत होता. न्यायालय म्हणालं, हा देखरेख करणारा नव्हे, हा कारकूनच. त्या निकालाची कसोटी आजच्या एखाद्या चकचकीत इमारतीतल्या नवव्या मजल्याला लावून बघावी. रजा मंजूर करणं सोडा, स्वतःची रजा टाकायची तर ॲपवर तीन वरिष्ठांच्या हिरव्या टिका लागतात. दुसऱ्याला बाहेर जाऊ देणं राहिलं बाजूला. स्वतः बाथरूमला गेला तर कॉम्प्युटर त्याच्या नावापुढे पिवळा ठिपका दाखवतो. स्टेपलरच्या पिना हव्या असतील तर ‘रिक्विझिशन’ भरावं लागतं. इतक्या कमी अधिकाराचा माणूस १९६९ साली कारकूनसुद्धा ठरला असता की नाही, शंकाच आहे. आज तो ‘सीनियर मॅनेजर’ असतो.

हा रोग आपल्याकडचाच आहे असं समजून कुणी मान खाली घालू नये. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यानुसार आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट द्यावे लागतात. पण पगार एका ठरावीक आकड्याच्या वर असेल आणि काम व्यवस्थापकीय असेल तर सुटका. तिथल्या तीन अभ्यासकांनी २०२३ मध्ये नोकरीच्या जाहिराती चाळून दाखवलं की पगाराचा तो आकडा जिथे ओलांडला जातो, नेमक्या त्याच रेषेवर मॅनेजरांचं पीक उगवतं. अशा हुद्द्यांचा वापर तिथे ४८५ टक्क्यांनी वाढतो. त्यांना सापडलेल्या मॅनेजरांत गालिचे शाम्पूने धुणारा ‘कार्पेट शाम्पू मॅनेजर’ होता, आणि स्वागतकक्षात बसणाऱ्या व्यक्तीला ‘डायरेक्टर ऑफ फर्स्ट इम्प्रेशन्स’ म्हणत होते. त्यांच्या अंदाजाने कंपन्यांचे यातून वर्षाला सुमारे चार अब्ज डॉलर वाचत होते. आपल्याकडे ही कला घरगुती स्वरूपात चालते, तरी दर्जा कमी नाही. ‘एक्झिक्युटिव्ह’ या शब्दाचा अर्थ आपण इतका पातळ केला आहे की दारावर पिझ्झा घेऊन येणाराही डिलिव्हरी एक्झिक्युटिव्ह, आणि “सर, कर्ज हवंय का?” म्हणून दुपारी झोपमोड करणाराही रिलेशनशिप मॅनेजर. ज्याच्याशी रिलेशनशिप जुळवायची तो पहिल्या वाक्यालाच फोन ठेवतो, हा भाग वेगळा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप मालकवर्गाचा आणि तो फार भारदस्त आवाजात येतो: बुद्धीचं काम तासांत मोजता येत नाही. मान्य. कल्पना आंघोळीच्या वेळी सुचते, तिचं मस्टर ठेवता येत नाही. विनोदी लेखकाच्या बाबतीत तर तासांनी पैसे द्यायचे म्हटलं तर संपादकाचं घरदार विकलं जाईल, आणि पानांनी दिले तर लेखकाचं. पण मग सकाळचा लेट मार्क कशाचा? बुद्धी ९ वाजून ३० मिनिटांपर्यंत मोजता येते आणि ६ वाजून ३० मिनिटांनंतर एकदम अथांग होते, हे कसं? तास मोजायचे नसतील तर दोन्ही टोकांना मोजू नका. यंत्र खाली उतरवा आणि त्या जागी गणपतीची तसबीर लावा. आमची काहीच हरकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे, कारण तो खरा आहे. “दुप्पट मिळायला लागले तर लोक मुद्दाम रेंगाळतील.” रेंगाळतीलच! अकरा ते चार चहा, क्रिकेट, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणि त्या केकचे फोटो, आणि पाचच्या ठोक्याला बाह्या सरसावून कामाला सुरुवात, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. काहींनी आरशात पाहिली आहेत. पण यावर उपाय सोपा आहे, आणि कारखान्यात तो कधीपासून आहे: सांगितलेलाच ओव्हरटाइम मोजायचा, आपणहून रेंगाळलेला नाही. अडचण अशी की सांगायचं म्हटलं की कुणाला तरी लिहून द्यावं लागतं, सही करावी लागते. ऑफिसात सध्या ज्यादा काम लिहून कधीच दिलं जात नाही. संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी साहेब टेबलाशी येतात, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतात. “निघालास?” “नाही सर, बसलोय.” “नाही, निघत असशील तर नीघ. फक्त ते जरा एकदा बघून घे. दोन मिनिटांचं काम आहे.” या ‘दोन मिनिटां’मध्ये आजवर किती बाळांच्या बारशाच्या घुगऱ्यांचे वाटे गार झाले आणि किती नाटकांचे पहिले अंक हुकले, याची मोजदाद नाही. हुकूम नाही, विनंती नाही, कागदावर तर काहीच नाही. उलट ‘नीघ’ असं स्पष्ट सांगितलेलं असतं.

आणि इथेच त्या ‘दुप्पट’चा खरा उपयोग कळतो. दुप्पट दर हे काही कामगाराला दिलेलं बक्षीस नव्हे. तो मालकाच्या गाडीला लावलेला ब्रेक आहे. एका माणसाकडून दहा तास दुप्पट दराने करून घेण्यापेक्षा दुसरा माणूस ठेवलेला बरा, असं त्याला वाटावं, निदान काम उद्यावर ढकलावं, यासाठी तो आहे. ब्रेक काढला की गाडी पळते, पण कुठेही पळते. फुकटच्या वस्तूची काटकसर जगात कुणी करत नाही. नगरपालिकेचं पाणी आणि मॅनेजरची संध्याकाळ, दोन्ही म्हणूनच वाहत असतात. सहा वाजता सुरू होणारी मीटिंग घ्या. आठ जण, प्रत्येकी तासाला दुप्पट दराने २८८, म्हणजे दर तासाला २,३०४ रुपये. भिंतीवर रिक्षासारखा मीटर लावला आणि तो टिकटिक फिरताना दिसला, तर ‘याच मुद्द्याला धरून मला दोन शब्द बोलायचेत’ म्हणून उठणाऱ्याला साहेब हाताला धरून खाली बसवतील. अकरा मिनिटांत मीटिंग संपेल आणि त्यातली चार मिनिटं प्रोजेक्टरची वायर शोधण्यात गेलेली असतील.

“आम्ही कॉम्प ऑफ देतो की,” असाही एक बचाव आहे. कॉम्प ऑफ, म्हणजे ज्यादा कामाच्या बदल्यातली सुट्टी, ही वस्तू दिवाळी अंकाच्या मानधनासारखी असते. मिळणार आहे हे सर्वांना माहीत असतं, मिळाल्याचं कुणी पाहिलेलं नसतं. तो साठ दिवसांत घ्यावा लागतो, आणि त्या साठ दिवसांत काम फार असतं. काम फार असतं म्हणून तर तो मिळालेला असतो. सरकारी नोकरांचं बरं, असं कुणी म्हणेल, तर केंद्राच्या ओव्हरटाइम भत्त्याचे १९९१ मध्ये ठरलेले दर २०१८ पर्यंत तसेच चालू होते. त्या काळात वडापाव कुठून कुठे गेला, पण ज्यादा तास जागचा हलला नाही. शेवटी २०१८ च्या जूनमध्ये मोजक्या वर्गांसाठी राखून बाकीच्यांचा भत्ताच काढून टाकला. इतक्या जुन्या दराची एवढी जाहीर उत्तरक्रिया दुसऱ्या कशाची झाली नसेल. त्यानंतरच्या काळात उद्योगजगतातल्या मोठ्या माणसांनी देशकार्य म्हणून आठवड्याला आधी ७० आणि मग ९० तास काम करायला सांगितलं. नव्वदातून ४८ वजा केले तर उरतात ४२; तीन महिन्यांचे होतात ५४६ तास, आणि मर्यादा आहे १४४. दुप्पट दराने याचं बिल केलं असतं, तर देशप्रेमाचा तो सल्ला पहिल्या पगाराच्या आत मागे घ्यावा लागला असता. ४८ वर २२ म्हटले, तरी सत्तरवाल्यांचं गणितही २८६ वर जातं. ते त्यातल्या त्यात संसारी.

पण सगळ्यांत अवघड आक्षेप मालकाचा नाहीच, तो खुद्द पगारदाराचा आहे. त्याला तास मोजणं शोभत नाही असं वाटतं. तास मजुराने मोजायचे; आपण ‘जबाबदारी’ घेतो. हुद्दा नुसता ऑफिसात वापरायचा नसतो, तो सोसायटीच्या नेमप्लेटवर, पुतण्याच्या मुंजीच्या निमंत्रणावर आणि विशेषतः वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर वापरायचा असतो. “मुलगा काय करतो?” “असिस्टंट मॅनेजर आहे, ऑपरेशन्सला.” “वा! हाताखाली किती माणसं?” “तशी टीम आहे. सध्या तो एकटाच आहे तिच्यात.” यावर मुलीचे वडील मान डोलावतात, कारण त्यांच्या स्वतःच्या हाताखालीही निवृत्तीपर्यंत एक पंखाच होता. याच मुलाने ‘ओव्हरटाइम धरून ४५ हजार’ असं सांगितलं असतं, तर बायोडाटा परत आला असता. ‘मॅनेजर, ३० हजार’ म्हटल्यावर कांदेपोहे येतात. तेव्हा १५ हजारांचं नुकसान दिसतं तेवढं सरळ नाही. त्यातले काही पैसे मान म्हणून परत मिळतात, आणि मान ही आपल्याकडे अशी वस्तू आहे की जिच्यावर टीडीएससुद्धा कापला जात नाही. कायद्याने या गृहस्थाला आज बोलावून म्हटलं, “बाबा रे, तू मॅनेजर नाहीस, तू कारकून आहेस, हे घे तुझे थकलेले पैसे,” तर तो पैसे घेईल, आणि निकालाची प्रत घरच्यांना दिसू नये म्हणून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवील.

या सगळ्याचं एक उत्तर रोज रात्री ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं असतं. नऊनंतर थांबलेल्या मॅनेजर लोकांना घरी सोडायला कंपनीने गाडी ठेवलेली असते. वर मॅनेजर एक्सेलच्या ओळी रंगवत असतो, तेव्हा खाली ड्रायव्हर सीट मागे झुकवून, मोज्यांतले पाय डॅशबोर्डवर टाकून, मोबाइलवर सिनेमा बघत असतो. त्याच्या कार्डावर काही लिहिलेलं नाही, कारण त्याला कार्डच नाही; म्हणून त्याचा तास चालू आहे. सव्वादहाला मॅनेजर लिफ्टने खाली येतो, मागच्या सीटवर बसतो, “लेट झाला हो आज तुम्हालापण,” असं अपराधी स्वरात म्हणतो. “नाही साहेब, उलट बरंच आहे,” ड्रायव्हर म्हणतो. घर येतं. मॅनेजर उतरतो. ड्रायव्हर खिडकीतून पॅड पुढे करतो, त्यावर ड्यूटी स्लिप असते, आणि स्लिपवर ज्यादा तासांचा रकाना असतो. मॅनेजर गेटच्या दिव्याखाली पॅड धरतो, घड्याळ बघतो, रकान्यात आकडा आहे की नाही ते नीट तपासतो, आणि खाली ऐटदार सही ठोकतो. दिवसभरात त्याने केलेलं व्यवस्थापनाचं हे पहिलं काम असतं.